अधिक-उणे कुणाचं? दुर्मिळ कणक्षयांचं मोजमाप आणि सिद्धान्ताची अनिश्चितता

जपानमधल्या कामिओका खाणीत, डोंगराखाली एक किलोमीटर खोल, कॅमलँड-झेन या प्रयोगाने ७४५ किलो झेनॉन काही वर्षं अखंड नजरेखाली ठेवलं. शोध एका विशिष्ट क्षयाचा होता. झेनॉन-१३६ च्या अणुकेंद्रकातले दोन न्यूट्रॉन एकदम प्रोटॉन व्हावेत, दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडावेत आणि न्यूट्रिनो मात्र एकही निघू नये. हे घडताना दिसलं, तर न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण आहे असं ठरेल. २०२४ मध्ये या गटाने आपला निकाल मांडला. असा क्षय दिसला नाही. तो होत असेलच, तर त्याचं अर्धायुष्य ३८ वर २५ शून्यं इतक्या वर्षांहून मोठं असलं पाहिजे.

मोजमाप इथे संपलं. निकालाचं पुढचं वाक्य न्यूट्रिनोच्या वस्तुमानाविषयी आहे. हे परिणामी वस्तुमान २८ ते १२२ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी आहे, असं ते सांगतं. अर्धायुष्याची मर्यादा एकच, पण वस्तुमानाची मर्यादा चौपटीहून रुंद पट्ट्यात पसरलेली. हा पट्टा डिटेक्टरमधून आलेला नाही. अर्धायुष्यावरून वस्तुमान काढायचं तर मध्ये झेनॉनच्या केंद्रकाचं गणित येतं. त्यातल्या ५४ प्रोटॉन आणि ८२ न्यूट्रॉनांची रचना क्षयापूर्वी कशी होती, क्षयानंतर बेरियममध्ये ती कशी झाली आणि या दोन अवस्थांचा मेळ कितपत बसतो, हे एका संख्येत पकडावं लागतं. ती संख्या काढण्याच्या चार-पाच पद्धती आहेत. प्रत्येकीचे जाणकार वेगळे आणि उत्तरंही वेगळी. म्हणून मोजमाप एक आणि त्याचे अर्थ अनेक.

या लेखात मला याच प्रश्नाचा आढावा घ्यायचा आहे. दुर्मिळ क्षयांच्या बातम्या येतात तेव्हा यंत्र किती मोठं, आकडा किती सिग्मांचा, नवं भौतिकशास्त्र सापडलं की नाही, एवढंच वाचायला मिळतं. आकड्याशेजारी छापलेल्या अधिक-उणेमधला निम्मा भाग सिद्धान्तवाल्यांचा असतो आणि त्याची चौकशी फारशी कुणी करत नाही. ती करायला हवी. प्रयोगाची अनिश्चितता आणि सिद्धान्ताची अनिश्चितता या दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी आहेत.

प्रयोगातली सांख्यिकी अनिश्चितता कशातून येते हे आपल्याला नेमकं माहीत असतं. शंभर घटना मोजल्या तर दहा इकडेतिकडे होणार. दहा हजार मोजल्या तर शंभर. अधिक घटना जमवल्या की ती टक्केवारीत कमी होते. सिद्धान्ताच्या बाबतीत पुन्हा पुन्हा करून बघण्याजोगं असं काही नसतं. क्वार्क आणि ग्लुऑन यांच्यातलं प्रबळ बल कमी ऊर्जेला इतकं जोरकस होतं की पायरीपायरीने आकडेमोड करण्याची नेहमीची पद्धत तिथे लुळी पडते. मग काही पदं गाळायची आणि गाळलेल्यांचा अंदाज बांधायचा. तो अंदाज म्हणजे जाणकाराचं मत. सचोटीचं आणि अनुभवाचं असेल, पण मतच.

याचं सर्वात रुळलेलं उदाहरण म्हणजे आकडेमोडीतली मोजपट्टी दुप्पट आणि निम्मी करून बघण्याचा रिवाज. गणित पूर्ण केलं असतं तर उत्तर या मोजपट्टीवर अवलंबून राहिलंच नसतं. ते अर्धवट असल्याने उत्तर थोडं हलतं आणि जितकं हललं तितकी अनिश्चितता लिहिली जाते. दुप्पटच का, तिप्पट का नाही, याला निसर्गात काही आधार नाही. क्षेत्रातल्या लोकांनी ठरवलेला तो शिरस्ता आहे. तो बऱ्याचदा चालतो, काही वेळा फसवतो. बॉटम क्वार्कचा स्ट्रेंज क्वार्क होऊन फोटॉन बाहेर पडतो, त्या क्षयाचं भाकीत बघा. २००६ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने कित्येक वर्षांच्या आकडेमोडीनंतर दर १०,००० क्षयांमागे ३.१५ असा आकडा दिला, अधिक-उणे ०.२३. २०१५ मध्ये तोच ३.३६ झाला, अनिश्चितता तेवढीच. २०२० मध्ये ३.४०, अधिक-उणे ०.१७. मधला आकडा नऊ वर्षांत ०.२१ ने सरकला, म्हणजे आधी जाहीर केलेली जवळजवळ पूर्ण अनिश्चितता वापरून. यात कुणाची चूक नाही, किंबहुना पहिला अंदाज प्रामाणिक होता हेच यावरून दिसतं. पण हा तर या क्षेत्रातला सर्वाधिक कसोशीने केलेला हिशेब. जिथे इतकी मेहनत झालेली नाही तिथला अधिक-उणे किती भरवशाचा, हा प्रश्न मनात राहतोच.

मुंबईचा या विषयाशी संबंध जुना आहे आणि तो कोलारच्या सोन्याच्या खाणीपर्यंत जातो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर १९८० च्या सुमारास तिथे, जमिनीखाली सव्वादोन किलोमीटरहून अधिक खोल, १४० टनांचा लोखंडी डिटेक्टर बसवला. प्रोटॉन कधीतरी मोडतो का, हे त्यांना बघायचं होतं. प्रोटॉनचं आयुष्य मोजण्याची प्रेरणा १९७४ च्या जॉर्जी आणि ग्लॅशो यांच्या महाएकीकरण सिद्धान्तातून आली होती. त्या सिद्धान्तात प्रोटॉनचं आयुष्य एका अतिजड कणाच्या वस्तुमानाच्या चौथ्या घातावर ठरतं. म्हणजे वस्तुमानाचा अंदाज दुप्पट चुकला तर आयुष्य सोळापट चुकतं. ते वस्तुमान तरी कशावरून काढायचं? प्रबळ बलाच्या तेव्हाच्या ढोबळ मोजमापावरून, तेही अब्जावधीपट वरच्या ऊर्जेपर्यंत ताणून. साहजिकच भाकितं हजारपट पसरलेली होती. कोलारच्या गटाला प्रोटॉनक्षय असू शकतील अशा काही घटना दिसल्या. इतर प्रयोगांत त्यांना दुजोरा मिळाला नाही. अमेरिकेतल्या ओहायोत मिठाच्या खाणीत उभारलेल्या पाण्याच्या प्रचंड टाकीने तो सिद्धान्त, निदान त्याच्या सर्वात साध्या रूपात, लवकरच मोडीत काढला. आज जपानमधल्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाची मर्यादा पॉझिट्रॉन आणि पायॉन या वाटेसाठी २४ वर ३३ शून्यं इतक्या वर्षांची आहे. भाकीत ढोबळ होतं म्हणून प्रयोग वाया गेला असं मात्र मी म्हणणार नाही. एवढ्या रुंद पट्ट्यातला बराचसा भाग पुसता आला, हे त्या पिढीचं मोठं काम आहे.

आता कुलाब्याच्या कथिलाकडे वळू. टीआयएफआरमध्ये वंदना नानल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटाक्षयासाठी कथील-१२४ निवडलं आणि त्या प्रकल्पाला टिन.टिन असं नाव दिलं. कथील ३.७ केल्विनच्या खाली अतिवाहक होतं आणि त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता अतिशय कमी होत जाते. निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, काही मिलिकेल्विन तापमानात ठेवलेल्या कथिलात एक क्षय झाला तरी तापमानात मोजण्याजोगी उडी बसते. साधारण २.२९ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टला ही उडी दिसली पाहिजे. नैसर्गिक कथिलात हे समस्थानिक सहा टक्क्यांहूनही कमी. प्रयोगाला खोल भूमिगत जागा हवी. ती तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात नियोजित न्यूट्रिनो वेधशाळेत मिळायची होती. ती वेधशाळा न्यायालयं आणि परवानग्यांच्या फेऱ्यात अडकून राहिली. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण या प्रश्नात एकाच मूलद्रव्यावर विसंबून चालत नाही. झेनॉनचं केंद्रकगणित एका बाजूला चुकत असेल तर जर्मेनियम, टेल्युरियम किंवा कथिलाचं तसंच चुकेल असं नाही. दोन-तीन मूलद्रव्यांत क्षय दिसला आणि त्यांची अर्धायुष्यं परस्परांशी जुळली, तरच सिद्धान्तावरचा विश्वास पक्का होईल.

केंद्रकाच्या गणितातल्या या फरकाची कारणं आता बरीच उलगडली आहेत. कवच प्रतिकृतीत थोड्याच कक्षा घेतात, पण त्यांच्यातले परस्परसंबंध पूर्ण मोजतात. तिचं उत्तर लहान येतं. ऊर्जाघनतेवर आधारलेल्या पद्धतींत कक्षा भरपूर, संबंध मोजके. तिथे ते मोठं येतं. त्यात आणखी एक जुनं दुखणं आहे. साध्या बीटाक्षयांचे हिशेब मोजमापाशी जुळवायचे तर एका स्थिरांकाची किंमत १.२७ वरून १ च्या आसपास खाली आणावी लागत असे. असं का, याचं समाधानकारक उत्तर दशकानुदशकं नव्हतं. दुहेरी क्षयाच्या दरात हा स्थिरांक चौथ्या घातात येतो. म्हणजे तो १.२७ धरायचा की १, एवढ्या एका निर्णयाने अर्धायुष्य अडीचपटीहून जास्त बदलतं. २०१९ मध्ये केंद्रकीय बलांच्या पायापासून केलेल्या आकडेमोडींनी दाखवलं की ही घट खऱ्याखुऱ्या कारणांनी येते. केंद्रकातले कण जोड्यांनीही क्षयात भाग घेतात आणि आधीची गणितं ते सोडून देत होती. त्याच्या आधीच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने न्यूट्रिनोविरहित क्षयात आजवर कुणी न धरलेलं, अगदी जवळच्या अंतरावरचं एक पद असायलाच हवं असं दाखवून दिलं होतं. एक पद कमी करणारं, दुसरं बहुधा वाढवणारं. मला हा काळ आशेचा वाटतो. पट्टा अजून रुंद आहे, पण तो का रुंद आहे हे पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्टपणे सांगता येतं.

इथे प्रयोगशाळाही सिद्धान्ताला मदत करू शकतात. २००८ मध्ये जर्मेनियम-७६ आणि सेलेनियम-७६ या जोडीत बाहेरच्या कक्षांमध्ये नेमके किती न्यूट्रॉन आहेत हे केंद्रकीय अभिक्रियांनी मोजलं गेलं. ते आकडे घातल्यावर दोन परस्परविरोधी पद्धतींची उत्तरं एकमेकांच्या जवळ आली. अशी मोजमापं महाकाय यंत्राशिवाय होतात. कुलाब्याला ऐंशीच्या दशकाअखेरीपासून चालत आलेल्या पेलेट्रॉनसारख्या प्रवेगकावरही या जातीचं काम होऊ शकतं.

केंद्रकातून बाहेर पडून आता एकेका कणाच्या क्षयाकडे येऊ. तिथली दुर्मिळता डोळ्यांसमोर आणण्यासाठी आमच्या मीरा-भाईंदरचा आधार घेते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजार होती. तितके धनभारित बी मेसॉन घेतले, तर एक केऑन आणि न्यूट्रिनोंची जोडी अशा रीतीने त्यातले फक्त साडेचार मोडतील, असं स्टँडर्ड मॉडेलचं, म्हणजे मूलकणांच्या आजच्या प्रस्थापित सिद्धान्ताचं, भाकीत आहे. जपानमधल्या त्सुकुबाच्या बेल-२ प्रयोगाने २०२३ मध्ये जे मोजलं त्यानुसार ते साधारण अठरा-एकोणीस निघतात, पाच-सहा इकडेतिकडे. भाकितापेक्षा हा आकडा २.७ सिग्मांनी, म्हणजे एकूण अधिक-उणेच्या २.७ पटींनी, वर आहे.

बेल-२ मध्ये टीआयएफआरचा मोठा वाटा आहे. टक्करीच्या जागेभोवतीच्या सिलिकॉन डिटेक्टरच्या चौथ्या थराच्या पट्ट्या या गटाने जुळवल्या. पण इथे माझं लक्ष भाकिताकडे आहे. बी मेसॉनचा केऑन होताना प्रबळ बल किती हस्तक्षेप करतं हे लॅटिस पद्धतीने काढलं जातं. अवकाश-काळाची जाळी करून महासंगणकावर क्वार्कांचं गणित सोडवायचं, जाळी बारीक करत न्यायची आणि उत्तर कुठे स्थिरावतं ते पाहायचं. इथली अनिश्चितता मला सर्वाधिक विश्वासार्ह वाटते. जाळीच्या घरांचा आकार, पेटीचा आकार, क्वार्कांची वस्तुमानं, सांख्यिकी या प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडता येतो आणि कष्ट वाढवले की तो घटतो. या क्षयाचं भाकीत सात टक्क्यांच्या आत आलं आहे. शिवाय न्यूट्रिनोंना विद्युतभार नसल्याने पुढे सांगणार आहे ती चार्म क्वार्कांची भानगड इथे नाही. एक बारकावा तेवढा आहे. बी मेसॉन आधी टाउ कण देतो, टाउ मोडून केऑन येतो, आणि शेवटी हातात पडतं तेच, केऑन आणि न्यूट्रिनो. ही आडवाट एकूण भाकिताच्या सुमारे ११ टक्के आहे. बेल-२ ने तिला पार्श्वभूमी धरून वजा केलं. भाकीत आणि मोजमाप शेजारी ठेवताना दोघांनी एकच वस्तू मोजली आहे ना, एवढी साधी खात्री करायलाही सिद्धान्ताचं बारीक ज्ञान लागतं.

याच कारणाने बी-एस मेसॉनच्या दोन म्युऑनांतल्या क्षयाची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हा क्षय अब्जात साडेतीन-पावणेचार वेळा होतो. सर्नच्या एलएचसीबी आणि सीएमएस या प्रयोगांनी एकत्र येऊन २०१५ मध्ये तो निर्विवादपणे दाखवला. सीएमएसमध्ये टीआयएफआर सुरुवातीपासून आहे. भाकीत मांडणारे क्षय शून्य वेळेला धरतात. प्रयोग मात्र कण जन्मल्यापासून मरेपर्यंतच्या सगळ्या घटना मोजतो. बी-एस मेसॉन दोन रूपांत वावरतो, जड आणि हलकं, आणि त्यांची आयुष्यं सारखी नाहीत. स्टँडर्ड मॉडेलमध्ये म्युऑनांची जोडी फक्त जास्त जगणाऱ्या रूपातून येते. त्यामुळे मोजलेला दर आणि गणितातला दर यांत सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो, हे २०१२ मध्ये लक्षात आलं. दोन आयुष्यांतल्या फरकाचा अभ्यास मात्र जुनाच होता. १९९६ मध्ये शिकागोला असताना अमोल दिघे यांनी तीन सहकाऱ्यांबरोबर बी-एसच्या एका दुसऱ्या क्षयात कोनांवरून ही दोन रूपं वेगळी कशी काढायची ते दाखवलं होतं. पुढे ते टीआयएफआरमध्ये आले आणि २०१३ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

या क्षयात प्रबळ बलाचा भाग एकाच संख्येत येतो आणि लॅटिसने ती एक टक्क्याहून चांगली काढली आहे. तरी भाकीत डळमळतं, कारण व्ही-सी-बी नावाचा एक स्थिरांक त्यात वर्गात येतो. बॉटम क्वार्कचा चार्म क्वार्क किती सहज होतो, ते तो सांगतो. तो मोजायच्या दोन वाटा आहेत. ठरावीक कण देणारे क्षय निवडून मोजला की हजारात ३९ ते ४० येतो. चार्म असलेले सगळे क्षय एकत्र मोजले की ४२ च्या आसपास. हा वाद कितीतरी वर्षांचा आहे आणि बेल-२ कडे आलेल्या कामांत तो मिटवणं हे एक प्रमुख काम आहे. कोणता आकडा घ्यायचा यावर दोन म्युऑनांच्या क्षयाचं भाकीत दहा-बारा टक्के हलतं.

केऑनच्या बाबतीत हाच स्थिरांक अधिक त्रास देतो. धनभारित केऑनचा पायॉन आणि न्यूट्रिनोंच्या जोडीत होणारा क्षय सिद्धान्ताच्या दृष्टीने अत्यंत निर्मळ आहे. प्रबळ बलाचा भाग दुसऱ्या, नेहमी होणाऱ्या क्षयांवरून थेट उचलता येतो. सर्नच्या एनए६२ प्रयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो सापडल्याचं जाहीर केलं: ५१ घटना, त्यांपैकी अंदाजे १८ पार्श्वभूमीच्या. दर १०० अब्ज केऑनांमागे १३, अधिक-उणे ३. भाकीत किती? एक गट ८.६ म्हणतो, अधिक-उणे ०.४२. दुसरा गट ७.८६, अधिक-उणे ०.६१. दोघांचं भौतिकशास्त्र एकच, फरक मुख्यतः स्थिरांक कुठून घेतले याचा. इथे व्ही-सी-बी जवळजवळ तिसऱ्या घाताने येतो. पहिल्या गटाने म्हणूनच वेगळी युक्ती केली: व्ही-सी-बी ज्यातून गळून पडतो अशी गुणोत्तरं मांडली आणि भाकीत त्यांच्यावर बांधलं. मला हा मार्ग पटतो. ज्या आकड्यावर एकमत नाही तो बाजूला ठेवून बोलता येत असेल, तर बोलावं.

शेजारच्याच घरात याच्या अगदी उलट अवस्था आहे. दीर्घायुषी उदासीन केऑन दोन म्युऑनांत मोडतो, हे अब्जात ६.८४ वेळा घडतं आणि दोन टक्क्यांच्या आत मोजलेलं आहे. एवढं नेमकं मोजूनही त्यातून नव्या भौतिकशास्त्राविषयी फारसं काढता येत नाही. केऑनमधून दोन फोटॉन, फोटॉनांतून म्युऑन, या आडवाटेनेच जवळजवळ सगळा दर भरून जातो आणि खालच्या खऱ्या प्रश्नाचा आवाज त्यात बुडतो. मोजमाप उत्तम, अर्थ धूसर. कोणता क्षय मोजायला घ्यायचा हे ठरवताना हे दोन केऑन शेजारी ठेवून बघावेत.

सर्वाधिक वाद झाला तो बी मेसॉनच्या के-स्टार आणि दोन म्युऑन या क्षयावर. के-स्टार पुढे केऑन आणि पायॉन होतो. चार कणांच्या दिशांवरून अनेक कोनीय राशी काढता येतात. त्यातल्या पी-फाइव्ह-प्राइम या राशीत २०१३ मध्ये एलएचसीबीला एका ऊर्जापट्ट्यात ३.७ सिग्मांची तफावत दिसली. ही राशी अशा बेताने घडवलेली आहे की प्रबळ बलाचा मोठा भाग तिच्यातून वजा होतो. जो उरतो, त्यावरून दहा वर्षं भांडण चाललं.

भांडणाचं मूळ चार्म क्वार्कांत आहे. बी मेसॉनमधून के-स्टारबरोबर चार्म आणि प्रतिचार्म यांची जोडी निघते, ती एकमेकांना नाहीसं करते आणि म्युऑन मागे ठेवते. जोडीचा जे-साय कण झाला तर हा मार्ग मूळ दुर्मिळ क्षयापेक्षा ऐंशीएक पटींनी मोठा असतो. तो पट्टा मोजमापातून कापून टाकतात, तरी त्याची शेपूट दोन्ही बाजूंना पसरलेली राहते. तिची लांबी पायापासून कुणालाही काढता आलेली नाही. तफावतीचा अर्थ लावायचा तर सी-नाइन नावाचा गुणांक स्टँडर्ड मॉडेलमधल्या साधारण ४.२ वरून एकाने खाली आणावा लागतो. चार्मची शेपूट अंदाजापेक्षा मोठी निघाली तर तीही नेमकी हाच आभास निर्माण करू शकते. एक पक्ष म्हणाला की इतकी मोठी शेपूट मानायला आधार नाही. दुसरा म्हणाला की ती लहान आहे असं मानायलाही नाही. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, कारण दोघांकडेही मोजलेलं असं काही नव्हतं.

यातून बाहेर पडायची एक वाट आहे. नवा कण जबाबदार असेल तर सी-नाइनमधला फरक सगळ्या ऊर्जांना सारखाच राहील. चार्म असेल तर तो ऊर्जेनुसार बदलेल. एलएचसीबीने २०२३-२४ मध्ये शेपटीला मोकळं सोडून, तिचा आकार खुद्द विदेतूनच काढायचा प्रयत्न केला. तरीही सी-नाइनमध्ये दोन सिग्मांच्या आसपासचा कल शिल्लक राहिला. सीएमएसच्या २०२४ च्या कोनीय विश्लेषणातही त्याच दिशेची तफावत आहे. आधीच्या मोठ्या दाव्यांपेक्षा हा आकडा लहान आहे, पण मला तो जास्त वजनाचा वाटतो. त्याच्यामागे गृहीतकं कमी आहेत.

दिघे, दीप्तिमय घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्येच, म्हणजे ही तफावत दिसण्याच्या आधी, या जातीच्या क्षयांत कोणत्या राशींवर कोणतं नवं भौतिकशास्त्र कसा ठसा उमटवेल याची तपशीलवार छाननी केली होती. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यातला फरक मोजणाऱ्या राशी स्टँडर्ड मॉडेलमध्ये जवळपास शून्य असतात, म्हणून त्यांच्यात सिद्धान्ताच्या अनिश्चिततेला घुसायला जागाच कमी. हा विचार त्यात होता. घोष पुढे पुण्याच्या आयसरमध्ये गेले. आयआयटी मुंबईत एस. उमाशंकर आणि त्यांचे विद्यार्थी याच क्षयांवर काम करत आले आहेत. पवई, कुलाबा, पुणे एवढ्या टापूत हे सगळं घडलं आहे आणि त्यासाठी कागद, संगणक आणि चिकाटी एवढंच लागलं. भाईंदरहून चर्चगेटची लोकल पकडून बीएस्सीला जाणाऱ्या मुलामुलींना हे आवर्जून सांगावंसं वाटतं. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये टीआयएफआरचा ‘चाय अँड व्हाय?’ हा खुला कार्यक्रम २००९ पासून होत आला आहे. तिथे जाऊन असे प्रश्न थेट विचारता येतात.

सिद्धान्त निर्मळ असला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही, आणि आर-के या गुणोत्तराने ते कठोरपणे शिकवलं. बी मेसॉन केऑन आणि म्युऑनांची जोडी जितक्या वेळा देतो, तितक्याच वेळा इलेक्ट्रॉनांची जोडीही दिली पाहिजे. गुणोत्तर एक यायला हवं. प्रबळ बल वर-खाली दोन्हीकडे सारखंच असल्याने छेदलं जातं आणि सिद्धान्ताची अनिश्चितता एका टक्क्यावर येते. २०१४ मध्ये एलएचसीबीला हे गुणोत्तर ०.७४५ मिळालं. मार्च २०२१ मध्ये ०.८४६, एकापासून ३.१ सिग्मा दूर. शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच गटाने इलेक्ट्रॉन समजून मोजल्या गेलेल्या इतर कणांचा हिशेब नव्याने केला आणि गुणोत्तर एकाशी जुळलं. दोष मोजमापाच्या बाजूला होता. स्वतःचाच गाजलेला निकाल उघडपणे मागे घेणाऱ्या त्या गटाविषयी मला आदर वाटतो.

म्युऑनच्या चुंबकत्वाची कहाणी क्षयाची नाही, पण तिथे दोष दुसऱ्या बाजूला निघाला. फर्मीलॅबचं मोजमाप आणि सिद्धान्ताचा २०२० चा एकमताचा आकडा यांत मोठी दरी होती. २०२५ मध्ये सिद्धान्तवाल्यांनी प्रबळ बलाचा मुख्य भाग लॅटिसवरून घेतला आणि दरी जवळपास मिटली. मोजमाप जागच्या जागी राहिलं. सरकला तो ज्याच्याविरुद्ध सिग्मा मोजले जात होते तो आकडा. जुन्या पद्धतीला लागणारी प्रायोगिक विदाच आपसात का जुळत नाही, हे अजून उलगडायचं आहे.

एक तांत्रिक वाटणारा, पण परिणामांनी मोठा मुद्दा राहिला. सिद्धान्ताची अनिश्चितता आणि प्रयोगाची अनिश्चितता एकत्र कशा करायच्या? क्वार्क स्थिरांकांचे जागतिक हिशेब करणारे दोन प्रमुख गट आहेत. सीकेएमफिटर सिद्धान्ताच्या अधिक-उणेला एक पट्टा मानतो: खरं उत्तर आत कुठेही असू शकतं, मधल्या आकड्याला जास्त मान नाही. यूटीफिट त्याला संभाव्यतेच्या वक्रासारखं वागवतो. तीच विदा, तीच भाकितं, पण तफावत किती सिग्मांची हे दोघांकडे वेगळं येऊ शकतं. सिग्मांचा आकडा वाचताना ही निवड कुठली होती हे बातमीत कधी दिसत नाही. निदान विज्ञानविषयक नियतकालिकांनी तरी ते छापायला हवं.

अशा अनिश्चिततेपासून पूर्ण मोकळे असे थोडे क्षयही आहेत. म्युऑनचा इलेक्ट्रॉन आणि फोटॉन होणं हा त्यातला पहिला. न्यूट्रिनोंचं वस्तुमान धरूनही स्टँडर्ड मॉडेलमध्ये त्याचा दर दशांशचिन्हानंतर पन्नासहून अधिक शून्यं इतका क्षुद्र आहे. स्वित्झर्लंडमधल्या मेग-२ प्रयोगाची मर्यादा १० हजार अब्ज म्युऑनांमागे दीड क्षय अशा टोकाला पोचली आहे. तिथे एकही खरी घटना दिसली तर वादाला जागा नाही. पण ती दिसल्यावर तिच्यामागे कोणता कण आहे हे ठरवायला पुन्हा दुसरे क्षय लागतील, आणि त्यांच्याबरोबर त्यांची गणितंही येतील.

म्हणूनच पुढच्या काळात काय मोजलं जाणार याची मला काळजी आहे. बेल-२ कडे अजून कितीतरी पट विदा जमायची आहे. न्यूट्रिनोंच्या जोडीचा क्षय आणि व्ही-सी-बी या दोन्हींचा निकाल तिच्यावर अवलंबून आहे. केऑनांचं तसं नाही. एनए६२ ला सर्नच्या प्रवेगकांच्या लांब थांब्यापर्यंतच धावायचं आहे. त्यानंतरच्या हाइक या केऑन प्रयोगाऐवजी सर्नने मार्च २०२४ मध्ये शिप हा वेगळा प्रयोग निवडला. उदासीन केऑनच्या पायॉन-न्यूट्रिनो क्षयासाठी आता जपानमधला कोटो आणि त्याचं प्रस्तावित मोठं रूप एवढाच आधार आहे. त्याची आजची मर्यादा भाकिताच्या सुमारे सत्तरपट वर आहे. भाकीत मात्र केव्हाच तयार आहे, आणि व्ही-सी-बीचा वाद मिटला तर ते काही टक्क्यांच्या आत येईल. सिद्धान्ताने इतकी मेहनत करून स्वच्छ केलेला हा क्षय मोजायला पुढच्या दशकात जगात एखादंच यंत्र असेल, हा निर्णय मला चुकीचा वाटतो.